दवाखान्यातलं काम ‘बघून बघून’ येत नाही

सध्या बेळगावजवळच्या येळ्ळूर, कंग्राळीपासून खानापूरपर्यंत एक मेसेज फिरतोय. दहावी-पीयूसी (म्हणजे बारावी) झालेल्या पोरापोरींसाठी आहे. सांगणं थोडक्यात असं: दवाखान्यात कामाला लागायला शिक्षण लागत नाही. नंबर लावायचे आणि फाईल द्यायची. बीपी-शुगर मशीनच सांगतं. इंजेक्शन आठवड्यात बघून बघून येतं. दोन वर्षांत डॉक्टर नसताना छोटे पेशंट आपणच बघायचे आणि मग गावात स्वतःचा बोर्ड लावायचा. आपल्या भागात मराठी-कन्नड सगळ्यांना येतं, म्हणून भाषेचीही अडचण नाही.

मी बेळगावात एका लहान दवाखान्यात सोळा वर्षं पुढच्या टेबलावर काम करते. हा मेसेज माझ्या भाचीनं मला पाठवला आणि खाली विचारलं, “मावशी, येऊ काय?” तिच्यासाठी लिहायला घेतलं, पण तिच्यासारख्या पुष्कळ जणी असतील.

पहिलं, नंबर लावणं. तेवीस नंबरचे आजोबा “पित्त झालंय, बसतो निवांत” म्हणतात. कपाळावर घाम, डावा हात जड, छाती दाबल्यासारखी. त्यांना रांगेत बसवलं तर नंबर बरोबर लागला, पण माणूस हातचा गेला. तोंड एका बाजूला ओढलेलं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, असं दिसलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: “शेवटचं ठीक कधी होते?” अशा लकव्यात मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. घरच्यांनी घाबरून सांगितलेली ती वेळ केसपेपरवर लिहिणं हे टेबलावरच्या माणसाचं काम. खानापूरच्या भातशेतीतून साप चावल्याचा फोन येतो तेव्हाही तसंच. चिरू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका, बांगड्या-अंगठी काढा, हातपाय हलवू नका, सापाचं औषध असलेल्या मोठ्या दवाखान्यात सरळ जा. कर्नाटकात २०२४ पासून सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे नोंदवही लिहिणाऱ्यालाही हे माहीत हवं.

दुसरं, “मशीनच सांगतं”. मशीन तुम्ही विचारता तेवढंच सांगतं. एक काका जिना चढून आले, धापा टाकतच खुर्चीवर बसले, पाय लोंबकळते, तोंडात तंबाखू, आणि मुलाच्या लग्नाचं सांगत होते. नव्या पोरानं शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, तोही लहान मापाचा. आकडा आला १६८. त्यांना तोंड धुऊन, लघवीला जाऊन यायला सांगितलं. पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवलं, हात छातीच्या पातळीला टेबलावर ठेवला, पाच मिनिटं गप्प ठेवलं, मोठा पट्टा उघड्या दंडावर बांधला. १३८. दोन मिनिटांनी पुन्हा घेतलं, तरी तेवढंच. खरं तर चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबायला हवं होतं, म्हणून तेही कागदावर लिहिलं. दंडाला पट्टा लहान पडला की आकडा खोटाच वर जातो. पहिला आकडा तसाच आत गेला असता तर त्या माणसाच्या मागे नको असलेली गोळी लागली असती.

तिसरं मात्र मला सगळ्यात जास्त लागलं. इंजेक्शन. सुई टोचणं हाताला लवकर येतं, हे मी मान्य करते. पण काय, किती, कोणाला, हे हाताला कळत नाही. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे बाटली ४० युनिटची (म्हणजे एका मिलीत ४० युनिट) मिळते आणि १०० ची पण. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. मी पूर्वी काम केलेल्या एका ठिकाणी १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजनं वीसच्या रेषेपर्यंत औषध भरलं गेलं. वीस म्हणून पन्नास युनिट! आज्जींना द्यायच्या आधी सिस्टरनं टोपण बघितलं म्हणून त्या वाचल्या. भरणारा मुलगा वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

वापरलेल्या सुईवर परत टोपण घालायचं नाही, ती लगेच पांढऱ्या कडक डब्यात टाकायची. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज आणि सलाईनची नळी लाल पिशवीत, फुटलेली काच निळ्या खुणेच्या डब्यात. २०१६ चे नियम आहेत हे, आणि पिशवी उचलायला येणाऱ्या माणसाचा हात त्यावर अवलंबून आहे. स्वतःला टोचलं तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि त्याच क्षणी डॉक्टरांना सांगायचं, कारण एचआयव्ही टाळायच्या गोळ्या जमेल तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. भीतीनं लपवलं तर ती वेळ निघून जाते.

आणि “छोटे पेशंट आपणच बघायचे”? स्वतः नोंदणीकृत डॉक्टर नसताना डॉक्टरकी करणं गुन्हा आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मेसेज लिहिणारा त्या पोराच्या वतीनं तुरुंगात जाणार नाही.

चौथं, भाषा. हे वाचून वाटलं, लिहिणारा आपल्या दवाखान्यात कधी बसलेलाच नाही. शहरातल्याला दोन्ही येतात, खरं आहे. पण कणकुंबीकडच्या वाड्यावरची बाई, चंदगडहून बसनं आलेले आजोबा, तिकडून बैलहोंगलचे आप्पा, यांना एकेकच भाषा येते. औषध देणारा कन्नडमध्ये म्हणतो, “ऊट आद मेले.” जेवण झाल्यावर. आमच्या आज्जीच्या कानावर पडतं फक्त “मेले”, आणि तिचा चेहरा उतरतो. फोनवर मूरु म्हणजे तीन, आरु म्हणजे सहा, नूरु म्हणजे शंभर, हे तिन्ही सारखेच ऐकू येतात. म्हणून मी प्रत्येकाला त्याच्या भाषेत सांगते, मग त्याच्याकडूनच वदवून घेते: “सांगा बघू, सकाळी कुठली आणि किती?” लिहिण्यातही तीच गत. चिठ्ठीवर ओडी म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्याच्या डॉक्टरांच्या कागदावर ओडी म्हणजे उजवा डोळा. हे माहीत नसताना चिठ्ठी समजावून सांगणं धोक्याचं आहे.

कागदांबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि आमचा निम्मा दिवस त्यातच जातो. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण तातडीची वेळ सोडली तर मोठ्या उपचाराला सरकारी रुग्णालयाची रेफरल चिठ्ठी लागते. ती नसताना पेशंट थेट गेला की पैसे घरातून. चंदगडच्या पेशंटाला महाराष्ट्राची महात्मा फुले जन आरोग्य योजना, आणि ती सीमाभागातल्या ८६५ गावांनाही द्यायचं महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ठरवलं. कोण कुठल्या गावचा, रेशनकार्ड कुठलं, हे आधी विचारावं लागतं. रेशनकार्डावर कन्नडमध्ये ‘जोतिबा’, आधारवर इंग्रजीत ‘ज्योतिबा’, शाळेच्या दाखल्यावर मराठीत तिसरंच काही. एका अक्षरासाठी मंजुरी अडकते आणि ऑपरेशनची तारीख पुढे जाते.

भाचीला मी कळवलंय: ये, पण पहिले तीन महिने टेबलावर आणि बीपीच्या खुर्चीपाशी माझ्या शेजारी. सुईला हात नाही. सुईच हवी असेल तर पीयूसीनंतर जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, अर्ज कर, तीन वर्षांचं आहे. फॉर्म भरायला मी येते तुझ्याबरोबर.