सोडून गेलेल्याचा शहरावर हक्क किती?

बाळ्या सुट्टीवर आला की पहिले दोन दिवस त्याचे लाड आणि तिसऱ्या दिवशी भांडण, असा आमच्या कट्ट्याचा शिरस्ता आहे. या वेळी पहिल्याच संध्याकाळी जुंपली. बरी जुंपली, म्हणून लिहून काढतोय. मन्याच्या शिव्या गाळल्या आहेत. त्यामुळे त्याची बाजू जरा लंगडी वाटेल, त्याला इलाज नाही.

सुरुवात बाळ्यानेच केली. "काय करून ठेवलंय रे चौकाचं? पूल बघून मी रस्ताच चुकलो. आपलं शहर राहिलं नाही हे."

"आपलं म्हणजे कोणाचं?" मन्याने विचारलं.

बाळ्याला वाटलं थट्टा चाललीय. तो हसला, पण मन्या हसेना.

"तू वर्षा-दोन वर्षांनी येणार, चार दिवस हिंडणार, फोटो काढणार आणि काय काय राहिलं नाही त्याची यादी आम्हाला वाचून दाखवणार. पूल नव्हता तेव्हा त्या सिग्नलला मी रोज सडायचो. तुझी आठवण शाबूत राहावी म्हणून अजून सडायला हवं होतं का?"

"पूल पाडा म्हटलं का मी? वाईट वाटतं एवढंच म्हणालो."

"वाईट वाटून घ्यायला तुझं काय जातंय? आम्हाला राहायचंय इथे."

आता मास्तरांना गप्प बसवेना. इतिहास शिकवून निवृत्त झाले, पण तास काही संपत नाही. "मन्या, हा आजार आहे म्हणून दे सोडून," ते म्हणाले. "खरंच आजार. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने या घरच्या ओढीवर, म्हणजे 'नॉस्टॅल्जिया'वर, प्रबंधच लिहिला. पोरगा जेमतेम एकोणीस वर्षांचा. घरापासून लांब राहणाऱ्यांची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, ताप येतो, माणूस खंगतो. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याच्या डॉक्टरांनी पाच हजारांहून जास्त सैनिकांच्या नावापुढे हेच निदान लिहिलं."

"म्हणजे मी आजारी?" बाळ्या.

"ते आम्हाला शाळेपासून माहितीये," मन्या म्हणाला.

"अरे, गंमत पुढे आहे. होफरने एका तरुणाची हकीकत दिलीय. बर्नचा मुलगा, शिकायला बाझेलला आलेला. इतका खालावला की आता जातो म्हणून सगळ्यांनी आशा सोडली. शेवटी त्याला घरी न्यायचं ठरलं. शहराबाहेर थोडं अंतर गेले नाहीत तोच त्याला उतार पडायला लागला. बर्नला पोचायच्या आत खडखडीत बरा!"

मन्याने मांडीवर थाप मारली. "झालं तर मग! घरी पोचायच्या आधीच बरा झाला ना? म्हणजे औषध शहरात नव्हतंच. बाळ्या, तू असाच अर्ध्या वाटेवरून परत जात जा. तुलाही बरं आणि आम्हालाही."

खरं तर मला ती हकीकत ऐकून वेगळंच वाटलं होतं. त्या मुलाला बर्न दिसायचं नव्हतं, बर्नला जाता येतं हे कळायचं होतं. पण मन्या रंगात आला की मध्ये बोलायची सोय नसते.

मीनल तोवर ऐकत बसली होती. ती या शहरातली नाही, बदलीवर आली आणि इथलीच झाली. कट्ट्यावर मेंदूविषयी बोलायचा मक्ता तिच्याकडे आहे, कारण तो विषय ती शिकवते.

"तुम्ही दोघं चौकावरून भांडताय," ती म्हणाली, "पण बाळ्याला चौक आठवत नाहीये. त्याला काय आठवतंय सांगू? विचार न करता चालणं. मेंदूत हिप्पोकॅम्पस म्हणून भाग असतो. लंडनला जॉन ओकीफने १९७१ साली उंदरांच्या या भागात अशा पेशी दाखवल्या की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशीच चेतते. जागा बदलली की दुसरी पेशी. म्हणजे डोक्यात जागेचा नकाशाच. पुढे मोझर दांपत्याने त्या नकाशाला अंतर कसं कळतं ते शोधलं आणि २०१४ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं."

"उंदरांवरून माझ्यावर आलीस," बाळ्या कुरकुरला.

"ऐक की. मी इथे आले तेव्हा काम तेच होतं, उलट थोडं हलकं होतं. तरी रोज संध्याकाळी मेल्यासारखी दमायचे. कशाने, ते कळायचं नाही. मग लक्षात आलं, दिवसभर मी ठरवत असते. कुठे वळायचं, कुठल्या दारातून आत जायचं, कोणाशी किती बोललेलं चालतं, ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसायचं की नाही. जुन्या गावात यातलं काही ठरवावं लागत नव्हतं, पाय आपले चालायचे. रडू यायचं ते त्या गावासाठी नाही, त्या आपोआप चालणाऱ्या पायांसाठी."

यावर जरा वेळ कोणी काही बोललं नाही, कारण मन्याला टोला सुचत नव्हता.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता इथे पाय चालतात. जुन्या गावी गेले की अडखळतात. तुमचा पूल नसलेला चौक मी पाहिलेलाच नाही. माझ्या दृष्टीने पूल म्हणजेच चौक. उद्या कोणी तो पाडला तर मी बाळ्यासारखी इथे बसून रडेन."

बाळ्याला ते लागलं असावं. तो म्हणाला, "तुझं ठीक आहे, तुझी बदली झाली. मला विचार ना, मला इथून हाकललंय."

"कोणी हाकललं रे तुला?" मन्याचा आवाज चढला. "स्टेशनवर पोचवायला मी आलो होतो. नव्या नोकरीचं पत्र सगळ्या डब्याला दाखवत होतास."

"इथे ती नोकरी असती तर गेलो असतो का?"

हा मुद्दा मला कठीण वाटतो आणि कट्ट्यावर त्याचा निकाल लागला नाही. हौसेने गेलेला आणि नाइलाजाने गेलेला यांच्यातली रेघ बाहेरून आखता येत नाही. गेलेला माणूसही ती दर काही वर्षांनी खोडून नव्याने आखतो. गाडीत बसताना बाळ्या स्वतःच्या मर्जीने चालला होता, हे मीही पाहिलंय. आता तो म्हणतो हाकलला गेलो. दोन्ही खरं असू शकतं.

मास्तरांनी मात्र खऱ्या हाकललेल्याचं उदाहरण काढलं. "इटलीतला कवी दान्ते. त्याला त्याच्याच फ्लॉरेन्स शहराने १३०२ मध्ये हद्दपार केलं. परत सापडलास तर जाळू, अशी शिक्षा. पुढे १३१५ मध्ये माफी देऊ केली, पण चारचौघांत मान खाली घालून येण्याची अट होती. तो गेला नाही. १३२१ मध्ये रावेन्नात मेला. मग फ्लॉरेन्सला उपरती झाली. आमचा कवी परत द्या! पोपची परवानगी काढून माणसं हाडं न्यायला गेली, तर कबर रिकामी. रावेन्नाच्या मठवाल्यांनी हाडं आधीच लपवली होती. ती सापडली १८६५ मध्ये. फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये त्याची भव्य समाधी आहे, आत काही नाही. आणि शिक्षा रद्द केल्याचा ठराव नगरपालिकेने केला कधी, तर २००८ मध्ये!"

"आमच्या वॉर्डाच्या मानाने लवकर आहे," मन्या म्हणाला. "पण मास्तर, दान्तेला बोलायचा हक्क आहे, त्याने भोगलंय. स्वतःच्या पायाने गेलेला एखादा सांगा."

"आयर्लंडचा कादंबरीकार जेम्स जॉइस. १९०४ मध्ये डब्लिन सोडलं, १९१२ नंतर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. मेला झुरिकमध्ये. आणि जन्मभर लिहिलं काय? डब्लिन!"

"बघ!" बाळ्या उसळला. "लांबूनच शहर नीट दिसतं."

"दिसतं कसलं? १९२१ मध्ये पॅरिसहून त्याने मामीला पत्र टाकलं. अमुक रस्त्यावरच्या सात नंबरच्या घरापुढचं लोखंडी कुंपण ओलांडून साध्या माणसाला खालच्या बाजूला उतरता येईल का? लोंबकळून उडी मारली तर लागेल का? त्याच्या गोष्टीतल्या माणसाला ती उडी मारायची होती."

आता मन्या खरा खूश झाला. "म्हणजे कुंपण बघायला मामी डब्लिनमध्येच लागली! तो तिकडे बसून आठवणी काढणार आणि उन्हापावसात कुंपणाची उंची मामी मोजणार. आम्ही सगळे मामी आहोत रे बाळ्या. दर आठवड्याला तुझा फोन येतो, अमुक दुकान आहे का, तमुक गल्ली तशीच आहे का. जाऊन बघतो कोण? मी."

हे मात्र खरं आहे. मन्या शिव्या देत जातो आणि फोटो काढून पाठवतो.

बाळ्याची बाजू पडली असं सगळ्यांना वाटत असतानाच वाद भलतीकडे गेला. मी सहज म्हणालो की पुलाच्या कामात ते मोठं झाड तोडलं तेव्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं होतं. मन्या म्हणाला, झाड पुलाच्या कितीतरी आधी गेलं होतं, रस्ता रुंद केला तेव्हा. मास्तर म्हणाले, ते पावसात पडलं. रोज त्या चौकातून जाणारे आम्ही तिघे, आणि तिघांची तीन उत्तरं! झाड कुठल्या बाजूला होतं यावरही एकमत होईना.

बाळ्याने मात्र बोटाने कट्ट्याच्या धुळीत चौक काढून दाखवला. इथे झाड, झाडाला टेकून पाण्याचा नळ, पलीकडे टपालपेटी, पेटीच्या मागे बसायचा ओटा. एकदाही अडखळला नाही. आम्ही बघत राहिलो, कारण तो काढत गेला तसतसं आम्हालाही दिसायला लागलं.

आपण राहतो त्या शहरात रोज नवं चित्र जुन्यावर चढतं आणि खालचं पुसलं जातं. बाळ्याच्या डोक्यात शेवटचं चित्र तसंच राहिलं होतं, त्यावर काही चढायला तो इथे नव्हताच. मी हे बोलूनही दाखवलं. मन्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण मास्तर धुळीतल्या नकाशाकडे चष्मा सरसावून बघत होते. "बाळ्या, ही पेटी बसवली तेव्हा नळ नव्हता. नळ गेल्यावर त्या जागेच्या आसपास पेटी आली. तू दोन वेगवेगळ्या काळांतला चौक एकत्र केलास. असा चौक एकही दिवस अस्तित्वात नव्हता."

बाळ्या हिरमुसला. मीनलला मात्र उत्साह आला. आठवण असंच करते, म्हणाली, काढायला जावं तेव्हा ती तुकड्यांतून पुन्हा जुळवली जाते आणि जोड आपल्याला दिसत नाही.

"एकही दिवस नसलेलं शहर बांधलेलंही आहे," मास्तर म्हणाले. त्यांना दोन्ही बाजूंना झोडपायला आवडतं. "पोलंडमधल्या वॉर्साचं जुनं शहर जर्मनांनी १९४४ मध्ये पार जमीनदोस्त केलं. लढाईनंतर लोकांनी ते पुन्हा उभं केलं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आधी घेतलेली मापं होती, आणि बेल्लोत्तो नावाच्या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली चित्रं होती. त्यामुळे काही घरं युद्धाच्या आदल्या दिवशी होती तशी उभी राहिलीच नाहीत, सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रातल्यासारखी उभी राहिली. १९८० मध्ये युनेस्कोने तेच जागतिक वारशाच्या यादीत घातलं. आणि हा बेल्लोत्तो वॉर्साचा नव्हे, व्हेनिसचा. पोटापाण्यासाठी आलेला."

"बदलीवर आलेला म्हणा," मीनल म्हणाली.

"ते शहर पडलं होतं, मास्तर," मन्या ऐकेना. "आमचं उभं आहे. त्यात माणसं राहतात, त्यांना कामाला जायचं असतं. आठवणीतल्या नकाशावर कोणी कारभार करत नाही."

माझं मत विचाराल तर मन्याचं निम्मं बरोबर. पूल हवा की नको हे ठरवताना बाळ्याचा वर केलेला हात मोजता येणार नाही. त्याचे परिणाम भोगायला तो इथे नसतो. पण पुलाआधी तिथे काय होतं याचा साक्षीदार म्हणून त्याला बोलवायलाच हवं, आणि उलटतपासणीला मास्तर हवेत. मन्याला वाटतं राहणाऱ्याला सगळं माहीत असतं. नुसतं राहिल्याने माहिती वाढत नाही, सवय वाढते. बाळ्याच्या दुखण्यात दम आहे तो एवढाच. बाकी त्याचं 'आपलं शहर राहिलं नाही' हे मलाही पटत नाही. ते आमचं राहिलंय की.

"मग परतच येतो ना," बाळ्या चिडून म्हणाला. "म्हणजे हात वर करता येईल."

"ये, पण पुन्हा दमशील," मीनल म्हणाली. "परतलेल्यांना तिथल्यापेक्षा इथे रुळणं अवघड गेल्याची निरीक्षणं साठच्या दशकापासून नोंदलेली आहेत. परक्या ठिकाणी आपण तयारीने जातो. घरी येताना तयारी कोण करतं?"

मन्या काहीतरी खवचट बोलणार असं वाटलं होतं. त्याऐवजी त्याने खिशातून वॉर्डाचं पत्रक काढलं. पुलाखालची जागा मोकळी आहे, तिथे पावसाळ्यात तळं साचतं आणि गटार नेमकं कोणीकडे काढावं यावर रहिवाशांच्या सूचना मागवल्यात. बरीच खणाखणी होऊनही पाणी हटत नाही.

"बाळ्या, झाड होतं तेव्हा तिथे पाणी साचायचं का रे?"

"नाही. ओट्याच्या मागे चर होता. पाणी डाव्या हाताने उतरायचं."

"उजव्या," मास्तर म्हणाले.

"मास्तर, माझी चप्पल वाहून गेली होती त्यात. डाव्या!"

"कुठे तोंड करून डावं?"

दोघं धुळीतल्या नकाशावर ओणवे झाले आणि एकमेकांच्या रेघा पुसायला लागले. मन्याने पत्रकाच्या पाठीवर दोन बाण काढले, एक इकडे आणि एक तिकडे. "दोन्हीकडे खणायला सांगतो," तो म्हणाला. "बाळ्या, निघायच्या आधी सकाळी साताला चौकात ये. आणि या वेळी पूल बघून रस्ता चुकू नकोस."