मसूर, मूळकूज आणि सस्कॅचवानचा शेतकरी : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. कॅनडाच्या प्रेअरीवरील हजारो एकरांच्या मालकांना जमिनीची पर्वाच नाही आणि पिकांचा फेरपालट रखडण्याला मी बाजार, रोग अशी कारणे शोधून त्यांची पाठराखण करतो, असा आपला आक्षेप आहे. तो मला पटत नाही.

सस्कॅचवान या प्रेअरीवरील प्रांतात पूर्वी अनेक ठिकाणी जमीन वर्षाआड पड ठेवून तणासाठी उन्हाळाभर पुन्हा पुन्हा नांगरीत. १९३० च्या दशकातील धुळीच्या वादळांत माती उडाली, तरी ही पद्धत पुढे कित्येक दशके टिकली. मग धसकटांतच पेरणी करणारी यंत्रे आली, ग्लायफोसेट हे तणनाशक स्वस्त झाले, आणि त्याच शेतकऱ्यांनी नांगर बाजूला ठेवला. कारण धसकटांत बर्फ अडून ओल टिकते आणि तिचा लाभ त्याच हंगामात पदरात पडतो. (तणनाशकावर इतके विसंबणे टिकाऊ कसे, असे आपण विचारले असते, तर मी अधिक अडचणीत आलो असतो.)

फेरपालटाचे गणित निराळे आहे. गहू आणि कनोला हे तेलबियांचे पीक यांच्या मध्ये मसूर किंवा वाटाणा घेतला, की नत्रखताचा खर्च वाचतो, हे तिथल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. परंतु मसूर आणि वाटाणा या दोन्ही पिकांना अफॅनोमायसिस ही मूळकूज लागते. ओल्या वर्षी पिवळे पडलेले रोप उपटले, तर पांढऱ्या मुळांऐवजी मधाच्या रंगाचे मऊ धागे हाती येतात. रोगाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात आणि बीजप्रक्रियेने पूर्ण बंदोबस्त होत नाही, म्हणून अशा शेतात सहा ते आठ वर्षे ही पिके घेऊ नयेत, असा सल्ला दिला जातो. हरभरा या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो, पण तो करप्याला बळी पडतो. बाकला (फाबा बीन) या कडधान्याला ओल अधिक लागते, आणि ती प्रांताच्या नैर्ऋत्येकडील कोरड्या पट्ट्यात नसते. ज्याची जमीन थोड्या वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, त्याने आठ वर्षांचा आराखडा कोणाच्या भरवशावर करावा?

त्यात बाजाराची भर पडते. ही कडधान्ये तिथून विकत घेणाऱ्या भारताने नोव्हेंबर २०१७ मध्ये वाटाण्यावर ५० टक्के आणि डिसेंबरमध्ये मसूर व हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावले. आपल्याकडील कडधान्य उत्पादकाला भाव मिळावा, हा हेतू रास्तच होता. तथापि त्या हिवाळ्यात पेरणीचे नियोजन करणाऱ्या सस्कॅचवानच्या शेतकऱ्याने वाटाण्याऐवजी गहू किंवा कनोला निवडला असेल, तर त्याला मी लोभ म्हणणार नाही.