चंदनाची राखण : काही अनुभवसिद्ध सूचना

आपल्या इमारतीच्या आवारात चंदनाचे झाड आहे हे आपल्याला ठाऊक असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि ते तसेच राहू द्यावे, ही पहिली सूचना. शहरातले चंदन सहसा कोणी हौसेने लावलेले नसते. बुलबुल किंवा कोकीळ पिकलेले काळे फळ खातो, कुंपणावर बसून बी टाकतो, आणि उगवलेले रोप शेजारच्या झुडपांच्या मुळांत आपली मुळे रुतवून त्यांच्याकडून पाणी आणि क्षार उसने घेत वाढते. पाने साधी, फुले बारीक, सावली बेताची, आणि उभ्या खोडाला तर वासही नाही. असे झाड ओळखण्याचा खटाटोप आपण कशाला करावा? ओळखणारा माणूस योग्य वेळी स्वतःहून येतो.

हा परीक्षक झाडाकडे आपल्यापेक्षा अधिक निगुतीने पाहतो, हे मान्य करावेच लागेल. चंदनात सुगंधी गाभा धरायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तो कितपत भरला आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून हा गृहस्थ एखाद्या रात्री खोडाला गिरमिटाने भोक पाडून भुसा तळहातावर घेतो. भुसा पांढरा आणि बिनवासाचा निघाला, तर झाडाला आणखी काही वर्षे वाढू देण्याचा संयम त्याच्यापाशी असतो. पिवळसर-तपकिरी निघाला, तर मुहूर्त ठरतो. सकाळी फिरायला निघाल्यावर आपल्याला खोडावर छातीच्या उंचीला एक गोल भोक आणि खाली चिमूटभर भुसा दिसलाच, तर ते तांबट पक्ष्याचे काम समजावे आणि ‘निसर्ग आपल्या दारी’ अशी ओळ घालून त्याचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावे. (तांबट सहसा वाळलेल्या, मऊ पडलेल्या फांदीत ढोली कोरतो, जिवंत खोडात नव्हे, पण ही बाब काढून गटाच्या आनंदावर विरजण घालू नये.)

आता सुरक्षेविषयी. कॅमेऱ्यांची तोंडे वाहनतळाकडेच असावीत, कारण गाडीवरच्या ओरखड्याला पुरावा लागतो. मागच्या कुंपणाजवळचा, म्हणजे नेमका झाडाजवळचा, दिवा बंद पडला असेल, तर तो विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्यावा. आमच्या सोसायटीत तो दोन सभांमध्ये पुढे ढकलला गेला, आणि मग पावसाळ्यातल्या एका रात्री झाडच गेल्यामुळे त्याची निकड आपोआप संपली. वॉचमनने करवतीची करकर ऐकली होती. वरच्या मजल्यावर कोणाचे तरी फर्निचरचे काम चालले असावे, असे त्याला वाटले. रात्री अडीच वाजता सुतारकाम चालणे आमच्या इमारतीत मुळीच अशक्य नाही, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

सकाळी पाहतो तो शेंडा, फांद्या, पाने सगळे आडवे पडलेले होते. नव्हता तो फक्त मधला चारेक फुटांचा ओंडका. उरलेल्या खुंटावर बाहेर पांढरे कडे आणि आत मधाच्या रंगाचे वर्तुळ दिसत होते, आणि पावसात भिजलेल्या भुशाचा असा घमघमाट सुटला होता की तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या आणि ‘देवाला होईल’ म्हणून मूठभर भुसा पदरात बांधून घेऊन गेल्या. वीस वर्षे त्या झाडाखालून ये-जा करणाऱ्या आम्हा सर्वांना त्याचा वास पहिल्यांदा आला तो त्या दिवशी. चंदनासारखे झिजावे, हा सुविचार आमच्या सूचनाफलकावर त्या काळात दोनदा लिहून झाला होता.

पंचनाम्याच्या वेळी मात्र तयारीत असावे. हवालदारांनी विचारले, “किंमत किती लिहू?” सचिवांनी अध्यक्षांकडे पाहिले, अध्यक्षांनी खुंटाकडे पाहिले, आणि बऱ्याच विचारानंतर पाच हजार हा आकडा ठरला, कारण त्याहून मोठा सांगितला तर चौकशीला वारंवार जावे लागेल, अशी भीती कोणीतरी बोलून दाखवली. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेवरील पुलांसाठी तोडायच्या 356 झाडांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल 2021 मध्ये समोर आला. त्यात झाडाचे वय गुणिले 74,500 रुपये असा हिशेब मांडला होता आणि त्यातले 45,000 रुपये तर निव्वळ वर्षभराच्या प्राणवायूचे होते. आमचे झाड चाळीस वर्षांचे धरले, तर 29 लाख 80 हजार रुपये होतात, आणि त्यात चंदन म्हणून त्याचा भाव धरलेलाच नाही. सचिवांनी हा आकडा सांगितला असता, तर हवालदारांनी ‘अज्ञात चोरट्यां’ऐवजी आधी सचिवांचीच चौकशी केली असती.

ज्यांना चोर येईपर्यंत धीर धरवत नाही, किंवा ज्यांचे झाड चंदनाचे नसून नुसतेच मोठे आहे, त्यांच्यासाठी प्रतिष्ठित मार्ग उपलब्ध आहेत. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी 1975 पासून कायदा आहे, आणि परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा आहे. तेव्हा अर्ज नेहमी छाटणीचा करावा. छाटणी कुठून सुरू करावी याविषयी काही मतभेद असले, तरी बुंध्यापासून सुरुवात केल्यास काम लवकर आटोपते. तेवढे धाडस नसेल, तर खोडाला चिकटवून काँक्रीट ओतावे आणि त्याला सुशोभीकरण म्हणावे. खोडाभोवती सालीची वीतभर पट्टी गोल काढली तरी चालते. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरत असल्यामुळे मुळे उपाशी पडतात आणि यथावकाश आपल्याला ‘धोकादायक, वठलेले झाड’ असा खरा अर्ज करता येतो. जाहिरातफलकाच्या आड येणारी झाडे अशीच अल्पायुषी का ठरतात, याचा शोध वनस्पतिशास्त्रज्ञांनी घ्यावा.

वेळेचे भानही ठेवावे. वर सांगितलेल्या कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांचे झाड ‘हेरिटेज’ ठरते, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावणे अपेक्षित असते; म्हणून झाडाचा एकोणपन्नासावा वाढदिवस चुकवू नये. शिवाय घाई आणि हाव टाळावी. ताजमहालाच्या परिसरातील संरक्षित पट्ट्यात एका गृहस्थांनी परवानगी न घेता 454 झाडे तोडली आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना झाडामागे एक लाख रुपये भरण्यास फर्मावले. हीच झाडे त्यांनी महिन्याला दोन या बेताने तोडली असती, तर ती केवळ ‘वाऱ्याने पडली’ असती.

आमच्याकडे पुढे काय झाले, तेही सांगतो. बैल गेला अन् झोपा केला, असे कोणी म्हणू नये म्हणून समितीने तातडीने मागचा दिवा दुरुस्त केला आणि रात्रीही स्वच्छ दिसेल असा नवा कॅमेरा थेट खुंटावर रोखून बसवला. चंदनाचे तेल सर्वांत जास्त मुळांत असते, आणि ती घाईत मागेच राहिली होती, हे आम्हांला तोवर माहीत नव्हते. त्या मुळांतून पावसाळा संपता संपता तीन कोवळे फुटवे वर आले. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत माळ्याने गवताबरोबर ते उपटून टाकले. कॅमेऱ्यात ते सगळे टिपले गेले आहे, आणि चित्रण अतिशय स्पष्ट आहे.