पाटी मराठीच होती, तरी उतरली

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा मराठी पाट्यांवरून जुंपली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती, वाद मात्र अजून ताजाच. देवनागरी अक्षर इंग्रजीपेक्षा लहान का, दंड किती, कोण कुणाला घाबरलं. या गडबडीत आमच्या सांगलीच्या पेठेतल्या बुटांच्या दुकानाची पाटी उतरली. ती मराठीच होती! पेंटरने हाताने रंगवलेली, प्रत्येक अक्षराला निळी सावली. पण सगळी ओळ बोर्ड बदलतेय म्हटल्यावर त्यांनीही फ्लेक्स चढवला. अक्षरं मोठी झाली, भाषाप्रेमी खूश.

मी लिहिलं, पाट्या कशा जपतात ते इथे अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसला माझ्याकडे येऊन बघा. एकाचं उत्तर आलं, "तू ये, दुकान चालवून दाखव."

सेंट लुईस हे मुळात बुटांचं गाव. कॉमिकमधल्या बस्टर ब्राउनला इथल्याच ब्राउन शू कंपनीने १९०४ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी पोरांच्या बुटांवर आणलं. 'रेड गूज'चे बूट घेतले की दुकानातल्या लाल हंसाची मान खाली ओढायची, सोनेरी अंडं पडायचं, आत खाऊ. सत्तरीतले आजोबा अजून हे हातवारे करून सांगतात. त्या हंसाच्या निऑन पाट्या लोक हौसेने घरात लावतात.

आपल्याकडे अंडं नव्हतं. जूनच्या पावसात बाटाचे 'नॉटी बॉय' घ्यायचे आणि आई अंगठ्यापुढे दाबून बघायची, बोटभर जागा हवीच. पुढचं वर्ष त्यातच काढायचं होतं. बाटा मूळचं आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या झ्लिनचं, तरी ती लाल अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर देवनागरीतच येतात. भाषेवरून भांडणाऱ्यांनी ही कुणाची म्हणायची ते एकदा ठरवावं.

हंस राहिले, कारखाने गेले, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. इंटरनॅशनल शू कंपनीच्या इमारतीत आता सिटी म्युझियम आहे. ज्या गोल घसरगुंड्यांवरून बूट खालच्या मजल्यांवर जायचे, त्यांवरून माझी मुलगी किंचाळत खाली येते. वादात सोयीचं तेवढंच लिहायचं असतं.

आमच्या दिवाणखान्यातही रेड गूजची पत्र्याची पाटी आहे. मराठी पाहुण्यांना मी अंड्याची गोष्ट अशी रंगवून सांगतो की जणू ती मान लहानपणी मीच ओढली होती. बायको म्हणते, "बूट सांगलीचे, आठवणी मिसुरीच्या."

असू देत. सांगलीच्या त्याच पेठेत गेलो की हल्ली नवी पोरं माझे बूट बघून हिंदीत सुरू होतात. आणि इथल्या अँटिक मॉलमधला म्हातारा ती पाटी वर्तमानपत्रात गुंडाळताना म्हणाला, "नीट ने, आपल्या गावचा हंस आहे." घासाघीस करायची राहूनच गेली.