‘नशा सोडवायला नशेचीच गोळी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन), कोडीनचं कफ सिरप किंवा ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्या अशा अफूवर्गीय नशेत अडकलेल्या माणसाच्या घरच्यांकडे एक मेसेज हमखास येऊन पोचतो. मजकूर साधारण असा: ‘डॉक्टर नशा सोडवायला नशेचीच गोळी देतात, एक व्यसन जाऊन दुसरं लागतं. त्यापेक्षा दहा दिवस खोलीत कोंडा, टर्की (नशा तुटल्यावर होणारा त्रास) सोसू द्या, शरीर साफ होतं. पुढे मन खंबीर हवं. गोळी घेतलीच तर महिन्याभरात बंद करा.’ पाठवणाऱ्याला काळजी असते, यात शंका नाही. पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘नशेचीच गोळी.’ ही गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. मेंदूत जिथे गर्दचे रेणू जाऊन बसतात तिथेच ती बसते, त्यांच्यापेक्षा घट्ट, पण ती जागा पुरती चेतवत नाही. त्यामुळे टर्की थांबते, तलफ उतरते आणि वरून गर्द ओढली तरी पहिल्यासारखा अंमल चढत नाही. ठरावीक मात्रेच्या पुढे श्वास मंदावण्याचा परिणामही फारसा वाढत नाही. गर्द पिणाऱ्याला काही तासांतच पुढच्या पुडीमागे धावावं लागतं. या गोळीचा असर दिवसभर टिकतो. शरीराला तिची सवय होते, अचानक तोडली तर त्रास होतो, हे मान्य. पण पुडीसाठी घरातलं विकणं, कामावर दांड्या, दुसऱ्याची सुई वापरणं या गोष्टी सुटत जातात, आणि घरच्यांना सोडवायचं असतं ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2005 पासून ब्युप्रेनॉर्फिन आणि याच उपचारातलं दुसरं औषध मेथाडोन ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत ठेवली आहेत.

‘गोळीने उलट त्रास वाढला’ असंही त्या मेसेजच्या खाली कोणीतरी लिहितं. तो अनुभव खोटा नसतो, आणि त्याचं कारण बहुधा पहिल्या गोळीची वेळ चुकणं हे असतं. गर्द अंगात असतानाच गोळी घेतली तर ती गर्दला त्या जागेवरून हुसकते, स्वतः मात्र अर्धाच असर देते. तासाभरात कडक टर्की लागते. म्हणून शेवटच्या गर्दनंतर किमान 12 तास जाऊ द्यायचे, आणि नुसतं घड्याळ न बघता माणसाकडे बघायचं: जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या. मेथाडोनसारखं लांब टिकणारं औषध चालू असेल तर थांबणंही लांबतं. ही चिन्हं दिसल्यावर डॉक्टर 2 ते 4 मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात आणि तास-दोन तास नजर ठेवून गरजेप्रमाणे आणखी देतात. आधी पाण्याने तोंड ओलं करायचं, गोळी जिभेखाली ठेवायची, पूर्ण विरघळेपर्यंत पाचदहा मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. पोटात गेलेली गोळी बरीचशी वाया जाते. विरघळल्यावर चूळ भरायची. दात मात्र तासाभराने घासायचे.

दुसरी चूक मात्रेची. बरेच जण दिवसाला 8 ते 16 मिलिग्रॅमवर स्थिरावतात, काहींना कमी पुरते. घरच्यांनी भीतीपोटी अर्धीच गोळी हातावर ठेवली की तलफ राहते, माणूस स्लिप होतो, म्हणजे पुन्हा नशा करतो, आणि ठपका गोळीवर येतो. भारतात ती पुष्कळदा नॅलोक्सोन या अफूवर्गीय नशेचा असर उतरवणाऱ्या औषधाच्या जोडीने येते, 2 मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिनला अर्धा मिलिग्रॅम नॅलोक्सोन. जिभेखालून नॅलोक्सोन नावापुरतंच शोषलं जातं. गोळी विरघळवून टोचली तर मात्र ते टर्की आणतं. गैरवापराला लगाम म्हणून ही जोडी केली आहे.

‘दहा दिवस कोंडा.’ मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हा. गर्दची टर्की 6 ते 12 तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोक गाठते आणि आठवड्याभरात ओसरते. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी होतं. सोबत दारू किंवा अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी रोजची असेल तर एकदम बंद केल्याने फिट येऊ शकते. खरा धोका मात्र अकराव्या दिवशी असतो. तलफ तशीच असते, पण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी पचणारी तीच पुडी आता श्वास थांबवते. तुरुंगातून सुटलेल्यांच्या बाबतीतही हेच घडतं. साखळीने बांधणं तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेच निषिद्ध आहे.

‘मन खंबीर हवं.’ हवंच, रोज ओपीडीत यायलाही ते लागतं. पण तलफ नुसत्या निश्चयाने दबली असती तर एवढी माणसं पुन्हा पुन्हा घसरली नसती. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत अफूवर्गीय पदार्थांसाठी मदतीची गरज असलेल्यांचा अंदाज सुमारे 77 लाखांचा आहे. चहात गुपचूप चूर्ण घालणं हा या मुद्द्याचाच भाऊबंद. त्यात डायसल्फिराम असेल तर ते दारूसाठीचं औषध. गर्दवर निरुपयोगी, आणि वर नकळत दारू प्यायल्यास जीव धोक्यात.

‘महिन्याभरात बंद.’ उपचार चालू असताना मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. सोडल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत ते झपाट्याने वर जातं. म्हणून किमान वर्षभर, पुष्कळांना त्याहून जास्त. थांबवायचं ठरलंच तर डॉक्टरांशी बोलून महिनोन् महिने थोडी थोडी कमी करायची.

औषध मेडिकलवर मागून मिळत नाही, मिळूही नये. सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागाची ओपीडी गाठा. सुईने घेणाऱ्यांसाठी नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) ओएसटी केंद्रं आहेत, म्हणजे नशेऐवजी असं औषध देणारी केंद्रं. तिथे औषध मोफत, सहसा कर्मचाऱ्यासमोर घ्यावं लागतं. जवळचं उपचार केंद्र विचारायला 14446 हा टोल-फ्री नंबर. खासगी केंद्रात पैसे भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा: मनोविकारतज्ज्ञ कोण, ब्युप्रेनॉर्फिन देता का, डिस्चार्जनंतर औषध कुठून मिळेल. पोलिसांची भीती असेल तर एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ वकिलाकडून समजून घ्या. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला ते खटल्यापासून संरक्षण देतं.

ओठ निळसर, श्वास घरघरता आणि हलवूनही जाग नाही, असं दिसलं की 108 ला फोन करा. श्वास अगदी कमी असेल तर तोंडाने श्वास द्या. स्वतः श्वास घेत असेल तर कुशीवर वळवून ठेवा. एकटं सोडू नका.

पहिल्या भेटीला सकाळी, टर्की लागायला सुरुवात झाली असताना जा. जुने कागद आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स सोबत न्या. दारू आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांपासून काहीही लपवू नका, कारण ब्युप्रेनॉर्फिनवरही श्वास अडकतो तो बहुधा याच दोन्हींच्या संगतीने.