गव्हाला नांगर किती खोल, पाणी किती वेळा?

रब्बीची पेरणी जवळ आली की सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या मोबाईलवर एक संदेश फिरू लागतो : ‘रान फूटभर खोल नांगरा, दर आठ दिवसांनी पाटाने पाणी भरा, तुषार सिंचनाच्या नादी लागू नका, गहू दुप्पट पिकेल.’ आपल्या काळ्या रानाला यातले एकही वाक्य सरसकट लागू पडत नाही.

नांगरटीचा सल्ला उन्हाळ्यापुरता असता तर वाद नव्हता. उसाचा खोडवा मोडलेल्या, तळाशी घट्ट थर बसलेल्या रानात तिची गरजही असते. पण सोयाबीन काढून ऑक्टोबरअखेर नांगर घातला, तर परतीच्या पावसाची ओल उडून जाते आणि वर येतात ती डोक्याएवढी ढेकळे, ज्यांच्यात पाभरीने (पेरणीच्या अवजाराने) पेरलेले बी कुठे पोकळीत अडकते, तर कुठे फार खोल जाते. वापशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असताना, ढेकळे फोडणाऱ्या कुळवाच्या दोन पाळ्या देऊन बी पाच-सहा सेंटिमीटरवर पडले, की गव्हाला पुरते.

दर आठ दिवसांच्या पाण्याची चूक याहून महाग पडते. एका पाळीत सहा सेंटिमीटर पाणी धरले, तरी एकरी सुमारे २.४ लाख लिटर लागते, आणि भारी जमीन ते तीन आठवडे धरून ठेवते. मधेच पुन्हा भरले की मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात. ती नत्राची कमतरता समजून वर युरिया टाकला जातो आणि ओंबी भरताना वारा सुटला की पीक लोळते. विसाव्या दिवशी एक रोप उपटून पाहावे : जमिनीलगत पांढरी मुकुटमुळे फुटू लागलेली दिसतात, आणि पाण्याची पहिली मोठी गरज तेव्हा असते. म्हणून दोनच पाळ्या शक्य असतील तर पहिली २०-२२ दिवसांनी आणि दुसरी ६०-६५ दिवसांनी द्यावी. एकच शक्य असेल तर ती ४०-४२ दिवसांनी द्यावी, अशी शिफारस आहे. हलक्या, मुरमाड रानात मात्र दहा-बारा दिवसांनीच पाणी लागते. संदेश लिहिणाऱ्याचे रान बहुधा तसले असावे.

तुषार सिंचनावरचा राग तर समजतच नाही. दाट पेरलेल्या गव्हाला ते चांगले मानवते. फक्त दुपारच्या वाऱ्यात संच चालवू नये आणि काळ्या मातीत पाणी साचू लागण्याआधी तो बंद करावा.