आजीचा मस्टर आणि टॉवरमधल्या ताई

‘एखादे उद्योगक्षेत्र वाढले की त्यात बायकांचाही रोजगार वाढतो’ हे विधान वाचले की मला माझी आजी आठवते, कारण लालबागच्या चाळीत ती ‘वाइंडिंगवाली’ म्हणूनच ओळखली जात असे. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२०च्या दशकात साधारण पाच कामगारांमागे एक स्त्री होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत आणि त्यांची भरती नायकिणीच्या, म्हणजे बायकांवरच्या मुकादम बाईच्या हाती असे. (त्या नायकिणीला खूश ठेवणे हा कामाचाच एक भाग होता, असे आजी सांगे.)

पुढची काही दशके गिरण्या चालतच होत्या, पण बायका कमी होत गेल्या. वाइंडिंगची नवी यंत्रे आली तेव्हा हातकामाची गरज आधी त्यांच्याच खात्यात संपली. बायकांच्या रात्रपाळीला कायद्याने बंदी असल्यामुळे तीन पाळ्यांच्या हिशेबात त्या बसेनात. आणि १९२९च्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता देणे आल्यावर मालकांना पुरुष कामगार स्वस्त वाटू लागले. संरक्षणाचे कायदे चुकीचे होते असे मी म्हणत नाही; त्यांचा खर्च एकट्या मालकावर टाकला, ही चूक होती. १९८२च्या संपापर्यंत गिरणी कामगार म्हणजे पुरुष हे समीकरण पक्के झाले होते. गिरण्या बंद पडल्यावर कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांचेही गिऱ्हाईक गेले, पण त्यांचे नाव कुठल्याच मस्टरवर नसल्याने त्यांची भरपाईही कोणी मोजली नाही.

आज लोअर परळमधल्या गिरण्यांच्या त्याच जमिनीवर सेवा क्षेत्राचे टॉवर आहेत आणि त्यात माझ्यासारख्या पदवीधर बायकांना नोकऱ्या मिळाल्या, हे खरेच आहे. मात्र कमी शिकलेल्या बाईसाठी तिथे उरते ते कंत्राटी हाउसकीपिंग.

देशाचे आकडेही सावधपणेच वाचावे लागतात. सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबल सहभाग (काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण) २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. परंतु याच काळात काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये नियमित पगारदारांचा वाटा घटला आणि स्वयंरोजगाराचा वाढला, ज्यात घरच्या शेतीत वा दुकानात बिनपगारी राबणाऱ्याही मोजल्या जातात.

आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या ताई पहाटेच्या लोकलने बदलापूरहून येतात. दोन वर्षांत त्यांचा कंत्राटदार तीनदा बदलला, आणि प्रत्येक वेळी त्यांची नोकरी नव्याने सुरू झाली. आजीला निदान गिरणीचा फंड मिळाला होता.